जीआरबीएल बोर्डावरून स्पिंडलचा वेग: उनो, व्हीएफडी आणि मधल्या चार वायरी

स्पिंडलला, म्हणजे कापणारं टूल फिरवणाऱ्या मोटरला, कंट्रोलरकडून दोनच गोष्टी कळायला हव्यात: फिरायचं की नाही, आणि फिरायचं तर किती वेगाने. पहिली गोष्ट बटणासारखी आहे, दुसरी नळाच्या तोटीसारखी. वायरिंगमधले बरेचसे घोटाळे होतात ते ही दोन्ही कामं एकाच वायरीवर टाकल्यामुळे. ‘शून्य व्होल्ट दिले की थांबेलच की’ असं वाटतं आणि रनची, म्हणजे चालू-बंदची, वायर टाकायचीच राहते. मग ड्राइव्हमध्ये (व्हीएफडीत, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणात) किमान फ्रिक्वेन्सी १२० हर्ट्झ ठरवलेली असली, तर शून्य व्होल्टवरही स्पिंडल ७,२०० आरपीएमने फिरत राहतो. म्हणून इथे रनची जोडी वेगळी आणि वेगाची जोडी वेगळी, अशा एकूण चार वायरी धरल्या आहेत.

उदाहरणाला लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या छोट्या राउटरवर नेहमी दिसणारा संच घेतला आहे: अर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), त्यात जीआरबीएल १.१ (मशिन चालवणारं फर्मवेअर), वर सीएनसी शिल्ड व्ही३ (उनोवर बसणारा जोडणीचा बोर्ड), पाण्याने थंड होणारा १.५ किलोवॅटचा स्पिंडल (२२० व्होल्ट, ४०० हर्ट्झ, २४,००० आरपीएम) आणि हुआनयांगच्या एचवाय मालिकेतला व्हीएफडी. ड्राइव्ह दुसरा असेल तर टर्मिनलांची नावं आणि पॅरामीटरचे क्रमांक बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

लिहिण्याच्या सोयीसाठी कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत.

काय काय लागेल

पीडब्ल्यूएमचं (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या सिग्नलचं) ०–१० व्होल्टमध्ये रूपांतर करणारं मॉड्यूल घ्या, पण इनपुटला ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल नेऊन दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) असलेलंच. पन्नास-शंभर रुपये वाचवायला बिन-ऑप्टोचं घेतलं, तर उनोचा ग्राउंड, यूएसबीमार्फत लॅपटॉपचा ग्राउंड आणि ड्राइव्हचा अ‍ॅनालॉग कॉमन सगळे एकमेकांना जोडले जातात. काही स्वस्त ड्राइव्हमध्ये कंट्रोलची बाजू मेनपासून नीट वेगळी केलेली नसते. तिथे ही जोडणी लॅपटॉपच्या आणि तुमच्याही जिवावर बेतू शकते.

मॉड्यूलसाठी २४ व्होल्ट, अर्धा अँपिअरचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर लागेल. त्यावर दुसरं काहीही जोडायचं नाही. १२ व्होल्टवर ही मॉड्यूलं चालतात, पण आतल्या ऑप-अँपचं आउटपुट सप्लायच्या दीडएक व्होल्ट खालीच अडतं. सप्लाय जरा उतरला की १० व्होल्टऐवजी साडेनऊवर गाडी थांबते आणि स्पिंडल कधीच पूर्ण वेग गाठत नाही.

याशिवाय: ५ व्होल्टचं एक चॅनलचं रिले मॉड्यूल (हाय-लो जंपर असलेलं), १० किलोओहमचा एक रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचे चार-पाच सिरॅमिक कपॅसिटर, सिग्नलसाठी पीळ दिलेली आणि वरून जाळी असलेली ०.५ चौरस मिलिमीटरची केबल, मोटरसाठी जाळीवाली चार कोअरची १.५ चौरस मिलिमीटरची केबल, दोन एनसी (एरवी जोडलेले, दाबल्यावर सुटणारे) काँटॅक्ट असलेलं मशरूम बटण, २० अँपिअरचा सी-कर्व्हचा एमसीबी, वायरींच्या टोकांना फेरूल आणि लग. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत हे सगळं मिळून जातं. जाळीवाली मोटर केबल मात्र दुकानात सोलून पाहूनच घ्या. नुसती अ‍ॅल्युमिनियमची पन्नी असलेली केबल या कामाला कमी पडते, विणलेली तांब्याची जाळी हवी.

मल्टीमीटर अर्थातच हवा. ऑसिलोस्कोप नसला तरी चालेल.

मेनची बाजू

ही बाजू परवानाधारक वायरमनकडून करून घेतलेली बरी. करून घेतानाही काय बघायचं ते माहीत असावं.

सिंगल फेजवर चालणारा १.५ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण लोडला साधारण १४ ते १६ अँपिअर ओढतो. नक्की आकडा रेटिंग प्लेटवर असतो. म्हणजे घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तो अगदी काठावर चालणार. डीबीतून स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लाइन आणा, अंतर १५ मीटरपेक्षा जास्त असेल तर ४ ची. फेज आणि न्यूट्रल कोणत्या दोन इनपुट टर्मिनलांना द्यायचे ते ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये पाहा. मेन चुकूनही यू, व्ही, डब्ल्यू या टर्मिनलांवर जाता कामा नये. गेला तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर त्याच क्षणी जातात.

यू, व्ही, डब्ल्यू स्पिंडलला जातात. या तीन वायरींत स्विच, काँटॅक्टर, रिले काहीही घालायचं नाही. चालू ड्राइव्हचं आउटपुट मध्येच तोडणं ड्राइव्हला मानवत नाही.

अर्थिंगची एक खोड लक्षात ठेवा. या स्पिंडलच्या डोक्यावर चार पिनांचा गोल कनेक्टर असतो. चौथी पिन अर्थची आहे असं आपण धरून चालतो, पण बऱ्याच स्पिंडलमध्ये ती आत कशालाच जोडलेली नसते. मल्टीमीटरचा बझर लावून चौथी पिन आणि स्पिंडलची धातूची बॉडी यांच्यात सलगता आहे का ते पाहा. नसेल तर कनेक्टर उघडून बॉडीला अर्थ द्या, किंवा स्पिंडलच्या क्लँपला लग लावून वेगळी अर्थ वायर ड्राइव्हच्या ई टर्मिनलपर्यंत आणा. पाणी फिरणाऱ्या स्पिंडलला अर्थ नसणं हा नुसता नॉइजचा प्रश्न नाही.

मोटर केबलची जाळी दोन्ही टोकांना अर्थ करा आणि पिळून शेपटी काढण्याऐवजी धातूच्या क्लँपखाली सपाट दाबा. सिग्नल केबलची जाळी मात्र एकाच टोकाला, ड्राइव्हच्या बाजूला. उलटं केलंत तर जाळीतूनच करंट फिरून नॉइज वाढतो.

आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की पडणारा ब्रेकर) असेल आणि ड्राइव्ह चालू होताच पडत असेल, तर तो काढून टाकणं हा उपाय नव्हे. व्हीएफडीचा फिल्टर आणि केबलची जाळी यांतून अर्थकडे थोडा करंट गळतोच. मोटर केबल गरजेपुरतीच ठेवा आणि व्हीएफडीला चालणारा टाईप-एफ किंवा टाईप-बी आरसीसीबी लावा.

मेन बंद केल्यावर आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी शिल्लक असतो. डिस्प्ले विझला तरी १० मिनिटं टर्मिनलांना हात लावू नका.

स्पिंडल जोडण्याआधी पॅरामीटर

हा क्रम मोडू नका. हुआनयांगचा ड्राइव्ह कारखान्यातून ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी लावलेला येतो, म्हणजे ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट. आपल्या स्पिंडलला २२० व्होल्ट ४०० हर्ट्झला हवेत. त्या हिशेबाने ५० हर्ट्झला त्याला साधारण २७ व्होल्टच मिळायला हवेत. त्याऐवजी २२० मिळाले तर वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही. ‘नवा स्पिंडल पहिल्याच दिवशी जळाला’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

तेव्हा यू-व्ही-डब्ल्यू मोकळे ठेवून ड्राइव्हला मेन द्या आणि याच क्रमाने भरा:

पीडी०१३ = ८ (कारखान्याच्या मूळ स्थितीवर)
पीडी००५ = ४०० (कमाल फ्रिक्वेन्सी, बाकीच्या फ्रिक्वेन्सींच्या आधी)
पीडी००४ = ४०० (बेस फ्रिक्वेन्सी)
पीडी००८ = २२० (कमाल व्होल्टेज)
पीडी०११ = १२० (किमान फ्रिक्वेन्सी)
पीडी०१४ = ६ आणि पीडी०१५ = ८ (वेग घेण्याचे आणि उतरण्याचे सेकंद)
पीडी०२३ = ० (उलट फिरणं बंद)
पीडी०७० = ० (अ‍ॅनालॉग इनपुट ०–१० व्होल्ट)
पीडी०७२ = ४०० आणि पीडी०७३ = ० (१० व्होल्टला आणि ० व्होल्टला किती हर्ट्झ)
पीडी१४१ = २२०, पीडी१४२ = स्पिंडलच्या प्लेटवरचा करंट
पीडी१४३ = २ (पोल), पीडी१४४ = ३००० (५० हर्ट्झला होणारे आरपीएम)

पीडी००५ आधी का? कमाल मर्यादा ५० वर असताना बाकीच्या फ्रिक्वेन्सी ४०० पर्यंत नेता येत नाहीत, आकडा ५० लाच अडकतो आणि ड्राइव्ह बिघडलाय असं वाटतं. पीडी१४४ चा ३००० आकडाही साधा आहे: दोन पोलच्या मोटरला आरपीएम म्हणजे हर्ट्झ गुणिले ६०. याच गुणाकाराने पुढे डिस्प्लेवरून वेग पडताळायचा आहे.

पीडी०१५ एक-दोन सेकंदांवर ठेवायचा मोह होतो, कारण स्पिंडल पटकन थांबलेला बरा वाटतो. पण ब्रेक रेझिस्टर नसताना थांबणाऱ्या स्पिंडलची ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये परत येते आणि ओव्हरव्होल्टेजचा एरर येतो. आठ सेकंद पुरेसे आहेत.

पीडी००१ आणि पीडी००२ सध्या शून्यच ठेवा, म्हणजे रन आणि वेग दोन्ही ड्राइव्हच्या पॅनलवरून.

आता मेन बंद करा, १० मिनिटं थांबा, स्पिंडल जोडा, पंप चालू करा. कोलेट (टूल पकडणारी चिमटी) आणि नट दोन्ही काढून ठेवा, सैल नट फिरताना उडू शकतो. पॅनलवरून १२० हर्ट्झ देऊन रन दाबा. वरून पाहिल्यावर स्पिंडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायला हवा. शाफ्टवर मार्करने रेघ मारून ठेवली तर थांबता थांबता दिशा सहज कळते. उलटा फिरत असेल तर यू-व्ही-डब्ल्यूपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. मेनच्या वायरी बदलून काही फरक पडत नाही. नवा स्पिंडल पहिल्यांदा १०–१५ मिनिटं याच वेगावर चालू द्या, मग टप्प्याटप्प्याने वाढवा, म्हणजे बेअरिंगमधलं ग्रीस नीट पसरतं.

पॅनलवरून सगळं व्यवस्थित चालल्याशिवाय उनोकडे वळू नका. नाहीतर पुढे बिघाड कोणत्या बाजूचा, हेच कळणार नाही.

शिल्डवरच्या नावांचा गोंधळ

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. सीएनसी शिल्ड व्ही३ चा आराखडा जुन्या जीआरबीएलच्या पिनांप्रमाणे आहे. नंतर वेग बदलण्याची सोय आली, तेव्हा जीआरबीएलला हार्डवेअर पीडब्ल्यूएम देणारी पिन हवी होती. उनोवर ती डी११ आहे, डी१२ वर पीडब्ल्यूएम नाही. म्हणून स्पिंडल आणि झेडचा लिमिट स्विच (अक्षाचं टोक आलं की दबणारा) यांची अदलाबदल झाली. शिल्डवर छापलेली नावं मात्र जुनीच राहिली.

परिणाम असा: वेगाचा पीडब्ल्यूएम निघतो ‘झेड+’ किंवा ‘झेड−’ लिहिलेल्या लिमिटच्या पिनेवर (दोन्ही आतून एकच आहेत), आणि झेडचा लिमिट स्विच जोडायचा तो ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या पिनेवर. ‘स्पिंडल डिरेक्शन’ डी१३ वर आहे, ती बदललेली नाही. छापील नावावर विसंबू नका. शिल्ड काढून बझर लावा आणि तुमच्या शिल्डची कोणती पिन डी११ ला जाते ते डोळ्यांनी पाहा. बाजारात नकला अनेक आहेत.

आधी झेडच्या लिमिटवर नॉइजसाठी कपॅसिटर लावला असेल तर तो काढा. तो आता पीडब्ल्यूएमच्या वाटेत आलाय आणि चौकोनी लाटेचे कोपरे गोल करतोय.

डी११ आणि ग्राउंड यांच्यात १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. उनो चालू होताना जीआरबीएलचा ताबा येईपर्यंत ही पिन अधांतरी असते, रेझिस्टर तिला खाली धरून ठेवतो.

जीआरबीएल तयार करणं

मूळ जीआरबीएलमध्ये रनसाठी वेगळी पिन मिळत नाही, डी१३ दिशेसाठी राखलेली असते. आपल्याला दिशा बदलायची नाही, रन हवा आहे. जीआरबीएलच्या फोल्डरमधली ‘कॉन्फिग.एच’ फाइल उघडा. तिच्यात ‘यूज_स्पिंडल_डिर_ॲज_एनेबल_पिन’ अशा नावाची ओळ आहे. तिच्या सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा पुसा, फाइल सेव्ह करा आणि अर्डुइनो आयडीईतून उनोवर पुन्हा चढवा. आता एम३ (स्पिंडल चालू) दिलं की डी१३ वर ५ व्होल्ट येतील, एम५ (बंद) दिलं की शून्य.

मग सिरियल मॉनिटर किंवा तुमच्या सेंडरच्या (मशिनला कमांड पाठवणाऱ्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रामच्या) कन्सोलमधून:

$३०=२४०००
$३१=०
$३२=०

$३० म्हणजे कमाल वेग, तो मूळचा १००० असतो. तो बदलायचा राहिला, तर एस१००० (एस म्हणजे मागितलेला वेग) च्या वरची प्रत्येक कमांड पूर्ण १० व्होल्ट देते आणि स्पिंडल कायम २४,००० वर पळतो.

$३२ म्हणजे लेझर मोड. मशिनवर आधी लेझर चालवलं असेल तर तो १ राहिलेला असतो. त्यात स्पिंडल मध्येच वेग सोडतो आणि पुन्हा पकडतो. शून्यच हवा.

$३१ वर, म्हणजे किमान वेगावर, थोडं थांबूया, कारण इथे जाणकारही फसतात. ‘माझा स्पिंडल ७,२०० च्या खाली चालवायचा नाही, मग किमान वेगात ७२०० लिहितो’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण जीआरबीएल तो आकडा नुसती मर्यादा म्हणून वापरत नाही, तो पीडब्ल्यूएमचा तळ समजतो. ७२०० म्हणजे पीडब्ल्यूएम १ आणि २४००० म्हणजे २५५, अशी पट्टी आखतो. मग एस१२००० ला हिशेब असा: वरच्या १६,८०० पैकी ४,८०० म्हणजे पीडब्ल्यूएम ७३, म्हणजे २८.६ टक्के, म्हणजे २.८६ व्होल्ट. ड्राइव्ह मात्र ० व्होल्टला ० हर्ट्झ धरून बसलाय. त्याच्या हिशेबाने हे ११४ हर्ट्झ, म्हणजे ७ हजारांच्याही खाली, आणि पीडी०११ मुळे तो १२० ला अडतो. मागितले १२,०००, मिळाले ७,२००. एकतर $३१ शून्य ठेवा आणि किमान वेगाची राखण पीडी०११ ला करू द्या, किंवा $३१ ला ७२०० लिहिलंत तर पीडी०७३ ला १२० लिहा. दोघांची पट्टी एकच हवी. पहिला मार्ग सोपा आहे.

आता मॉड्यूल न जोडता डी११ आणि ग्राउंड यांच्यात मल्टीमीटर डीसीवर लावा. पीडब्ल्यूएमची सरासरी दिसेल:

एम३ एस६००० ला साधारण १.२५ व्होल्ट
एम३ एस१२००० ला २.५
एम३ एस२४००० ला ५ च्या जवळ
एम५ ला शून्य

काहीच येत नसेल तर अलार्म लागलाय का बघा, $एक्स ने तो उघडतो. नुसतं एम३ दिलं आणि एस दिलाच नाही, तरीही शून्यच येणार.

मॉड्यूल आणि त्याचा प्रीसेट

मॉड्यूलच्या इनपुटला डी११ आणि उनोचा ग्राउंड, सप्लायला २४ व्होल्टचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर. आउटपुट अजून ड्राइव्हला जोडायचं नाही. मॉड्यूलवर ५ व्होल्ट आणि २४ व्होल्ट पीडब्ल्यूएमसाठी जंपर असतो, तो ५ च्या जागी आहे याची खात्री करा. २४ च्या जागी राहिला तर ऑप्टोकप्लरला पुरेसा करंट मिळत नाही आणि आउटपुट शून्याला चिकटून राहतं.

एम३ एस१२००० द्या आणि निळा प्रीसेट फिरवून आउटपुट ५.०० व्होल्ट करा. मग ६००० ला २.५, १८००० ला ७.५ आणि २४००० ला १० येतात का पाहा. मधे बरोबर आणि वरच्या टोकाला कमी येत असेल तर सप्लायकडे संशयाने बघा. सगळीकडे वाकडं येत असेल तर पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी तपासा. जीआरबीएल १.१ मूळचा ९७७ हर्ट्झच्या आसपास देतो आणि ही मॉड्यूलं बहुधा १ ते ३ किलोहर्ट्झसाठीच असतात. जुन्या ०.९ मध्ये ती ७.८ किलोहर्ट्झ होती. पीसी८१७ सारखा साधा ऑप्टोकप्लर तिथे मागे पडतो, पटकन चालू होतो पण बंद व्हायला वेळ लावतो, आणि व्होल्टेज हिशेबापेक्षा वेगळं निघतं.

एक मर्यादा मान्य करून टाका: हा पीडब्ल्यूएम ८ बिटांचा आहे. २४,००० भागिले २५५ म्हणजे एका पायरीला ९४ आरपीएम. एस१२००० आणि एस१२०५० यांत फरक शोधू नका.

रनचा रिले

डी१३, ५ व्होल्ट आणि ग्राउंड रिले मॉड्यूलला. रिलेचा कॉमन आणि एनओ (एरवी उघडा असणारा) काँटॅक्ट ड्राइव्हच्या डीसीएम आणि एफओआर या टर्मिनलांना. एफओआर आणि डीसीएम जुळले की ड्राइव्ह पुढे धावतो, सुटले की थांबतो. रिलेचा काँटॅक्ट कोरडा असल्याने इथे ड्राइव्ह आणि उनो आपोआप वेगळे राहतात.

स्वस्त रिले मॉड्यूलं पुष्कळदा ‘लो’ सिग्नलवर ओढली जातात. तसं असेल तर एम५ दिल्यावर स्पिंडल चालू होईल आणि एम३ ला बंद! म्हणून हाय-लो जंपर ‘हाय’वर ठेवा, आणि ड्राइव्ह जोडण्याआधी एम३–एम५ देऊन रिलेची टिकटिक ऐका.

डी१३ ची एक वाईट सवय आहे. उनोवरचा छोटा एलईडी याच पिनेवर आहे, आणि उनो रिसेट होताना बूटलोडर तो लुकलुकवतो. लॅपटॉपवर सेंडर जोडला की उनो रिसेट होतो, म्हणजे तेवढ्यात रिलेही दोन-तीनदा टकटकतो. ड्राइव्हला मेन असेल तर स्पिंडल उचकी देऊ शकतो, आणि त्या वेळी तुमचा हात कोलेटवर असू शकतो. उपाय स्वस्त आहे: मशरूम बटणाचा एक एनसी काँटॅक्ट एफओआरच्या वायरीत सिरीजमध्ये घाला, आणि बटण दाबून ठेवूनच सेंडर जोडायचा, टूल बदलायचं. बटणाच्या दुसऱ्या एनसी काँटॅक्टमधून मशिनच्या स्टेपर मोटरचा सप्लाय न्या. आणीबाणीत स्पिंडल उनोच्या भरवशावर थांबता कामा नये.

चार वायरी जोडणं

मेन बंद, १० मिनिटं. मॉड्यूलच्या आउटपुटची धन वायर व्हीआयला, ऋण एसीएमला. शेजारचं ‘१०व्ही’ टर्मिनल मोकळं ठेवा. ते बाहेरच्या पोटेन्शिओमीटरला पुरवठा करायला आहे, तिथे मॉड्यूल जोडलं तर दोन आउटपुट एकमेकांशी भांडतील. ड्राइव्हच्या टर्मिनलांजवळ व्हीआर आणि व्हीआय असा जंपर असतो. तो व्हीआरवर राहिला तर ड्राइव्ह पॅनलवरच्या बटनाचंच ऐकतो आणि तुमचे १० व्होल्ट वाया जातात. व्हीआय आणि एसीएम यांच्यामध्ये, थेट टर्मिनलांवर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

मेन द्या, पीडी००१ = १ आणि पीडी००२ = १ करा. पंप चालू करा, मशरूम बटण सोडा. मग:

एम३ एस१२०००: डिस्प्ले २०० हर्ट्झ
एस१८०००: ३००
एस२४०००: ४००
एम५: उतरत शून्य

२४००० ला ३९६ दिसत असेल तर प्रीसेट केसभर वाढवा. टॅकोमीटर असेल आणि ४०० हर्ट्झला तो २४,००० पेक्षा थोडं कमी दाखवत असेल तर दुरुस्त करायला जाऊ नका, इंडक्शन मोटरची ती घसरण आहे, लोडवर आणखी वाढते.

चालू झाल्यावर येणारे त्रास

डिस्प्लेवरचा आकडा दोन-तीन हर्ट्झने नाचत असेल तर सिग्नल केबल मोटर केबलला चिकटून चालली आहे का बघा. दोन्हींत किमान २०–३० सेंटिमीटर अंतर हवं, ओलांडावं लागलंच तर काटकोनात. केबल चेनमध्ये दोन्ही एकत्र कोंबू नका. तरी नाचत असेल तर पीडी०७१ वाढवा. हा अ‍ॅनालॉग फिल्टर आहे, जास्त वाढवला तर वेग बदलायला उशीर होतो, एवढीच किंमत.

स्पिंडल चालू होताच यूएसबी तुटतो किंवा हार्ड लिमिटचा अलार्म येतो, हा त्रास सगळ्यांत जास्त. जीआरबीएल एक नंबरचा अलार्म देऊन थांबतो, आणि लिमिट स्विचला तर कोणी हातही लावलेला नसतो. इथे दोष बहुधा मोटर केबलच्या जाळीचा किंवा अर्थचा असतो, ते आधी पाहा. मग लिमिटच्या प्रत्येक वायरीवर शिल्डजवळ ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि ५ व्होल्टकडे २ ते ४ किलोओहमचा पुल-अप. उनोचा आतला पुल-अप फार हलका असतो, लांब वायरीवरच्या नॉइजपुढे टिकत नाही. झेडचा कपॅसिटर आता ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या पिनेवर लावायचा, हे विसरू नका. यूएसबी केबल मीटरभराच्या आतली, फेराइट असलेली घ्या. लॅपटॉप चार्जर काढल्यावर त्रास थांबत असेल तर यूएसबी आयसोलेटर लावल्याशिवाय सुटका नाही.

कोकणात किंवा पावसाळ्यात भिंतीलगत ठेवलेल्या मशिनवर आणखी एक गंमत होते. चार महिने बंद पडलेल्या मशिनच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर धरतो आणि वेग कमी-जास्त व्हायला लागतो. सेटिंग बदलण्याआधी व्हीआय आणि एसीएमचे स्क्रू उघडून फेरूल पाहा.

जीकोडमध्ये (मशिनला दिलेल्या कमांडच्या यादीत) शेवटचा एक बदल. एम३ दिल्यावर जीआरबीएल स्पिंडल वेगावर येण्याची वाट बघत नाही, लगेच पुढची ओळ चालवतो. आपण पीडी०१४ ला ६ सेकंद दिलेत, म्हणजे टूल अर्ध्या वेगात लाकडात शिरेल आणि तुटेल. म्हणून पोस्ट-प्रोसेसरमध्ये (डिझाइनवरून जीकोड काढणाऱ्या भागात) एम३ च्या खाली जी४ पी७, म्हणजे सात सेकंद थांबण्याची कमांड, घाला. जीआरबीएलमध्ये पी सेकंदांत मोजतात. थ्रीडी प्रिंटरच्या फर्मवेअरवरून आलेली सवय असेल तर पी७००० लिहाल, आणि मशिन जवळपास दोन तास गप्प उभं राहील.